विसरभोळी खिडकी

तळेगाव दाभाडेजवळच्या आंबीत शेती, एमआयडीसीचे कारखाने आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांची सरमिसळ आहे. त्यामुळे तिथल्या झेरॉक्सच्या दुकानातली गर्दीही सरमिसळच असते. कोणी सातबारा काढायला आलेला असतो, कोणी कारखान्यात द्यायचा बायोडाटा छापायला, तर कोणी प्रोजेक्टची पाने बांधून घ्यायला. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाईन झाले आणि या गर्दीत दहावी झालेल्या मुलामुलींची भर पडली.

अशाच एका दुकानात मी प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढायला थांबलो होतो. शेजारच्या संगणकावर एक मुलगी वडिलांबरोबर अर्ज भरायला बसली होती. तिची कागदपत्रे ई-मेलमध्ये होती, म्हणून तिने ई-मेलचे पान काढले. खाते लगेच उघडले, पण ते तिचे नव्हतेच. सकाळी येऊन गेलेल्या कुठल्यातरी मुलाचे होते. त्याची गुणपत्रिका, जातीचा दाखला, आईच्या पासबुकाचा फोटो, सगळे एकाखाली एक समोर. मुलगी दचकून मागे सरकली. दुकानदाराने ते खाते बंद केले, एक काळसर रंगाची नवी खिडकी उघडून दिली आणि म्हणाला, "ताई, इन्कॉग्निटोमध्ये उघडायचं असतं हे. सगळ्यांना सांगतो, पण घाईत कोण ऐकतंय?"

मुलीने विचारले, "म्हणजे यात काय केलं ते कुणालाच कळत नाही?"

"नाही कळत. म्हणून तर त्याला टोपी-चष्मा दिलाय," दुकानदार म्हणाला.

"कळतं की!" माझ्या तोंडून निघून गेले. मुलीने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मागे रांग होती, त्यामुळे उत्तर तिथेच राहिले. खरे तर आम्ही दोघेही अर्धे अर्धे बरोबर होतो. ही खिडकी नेमके काय करते आणि काय करत नाही, हे समजायचे तर आधी साध्या खिडकीत काय घडते ते पाहायला हवे.

पितळी बिल्ल्याची गोष्ट

पूर्वी बँकेत पैसे काढायला गेले की चेक घेऊन कारकून हातात एक पितळी बिल्ला ठेवत असे. बिल्ल्यावर नाव नसे, फक्त आकडा. पण त्या आकड्यासमोर तुमचा चेक, तुमचे खाते, तुमची रक्कम हे सगळे बँकेच्या वहीत लिहिलेले असे. रोखपालाने 'सत्तावीस' अशी हाक मारली की तुम्ही बिल्ला पुढे करायचा. तुमचा चेहरा ओळखायची त्याला गरजच नव्हती.

इंटरनेटवरची संकेतस्थळे याच पद्धतीने चालतात. वेबची मूळ रचना अशी आहे की संकेतस्थळाचा सर्व्हर प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे पाहतो. तुम्ही एक पान मागितले, त्याने दिले, संपले. दुसरे पान मागायला गेलात की तुम्ही त्याला पुन्हा नवखे. बातम्या वाचायला हे चालते. पण एका पानावर पासवर्ड टाकला आणि पुढच्या पानावर तो विसरला गेला, तर अर्ज भरणार कसा? यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रामरने तोड काढली. सर्व्हरने पहिल्या भेटीत एक छोटीशी खूण द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्या संकेतस्थळाला दर वेळी दाखवायची. या खुणेला 'कुकी' म्हणतात. खाण्याच्या बिस्किटाशी तिचा संबंध नावापुरताच, काम बँकेतल्या बिल्ल्याचे.

दुकानातल्या त्या मुलाचे काय झाले, ते आता कळेल. सकाळी त्याने पासवर्ड टाकला, तेव्हा ई-मेलच्या सर्व्हरने ब्राउझरला बिल्ला दिला. मुलगा 'साइन आउट' न करता उठून गेला, बिल्ला ब्राउझरच्या खिशातच राहिला. दुपारी मुलीने तेच पान मागितले, ब्राउझरने इमानेइतबारे बिल्ला पुढे केला आणि सर्व्हरने मुलाचे खाते उघडून दिले. यात कोणी काही फोडले नाही की चोरले नाही. समोर कोण बसले आहे हे ना ब्राउझरला कळते, ना सर्व्हरला. दोघे फक्त बिल्ला पाहतात.

बिल्ल्याशिवाय साधी खिडकी आणखीही पुष्कळ काही साठवते. कोणती पाने कधी पाहिली त्याची यादी, चित्रे पुन्हा मागवावी लागू नयेत म्हणून त्यांच्या प्रती, अर्जात भरलेली नावे आणि पत्ते, आणि आपण 'हो' म्हटले असेल तर पासवर्डसुद्धा. एकट्याच्या संगणकावर ही सोय असते. दिवसाला पन्नास माणसे वापरतात त्या संगणकावर तीच अडचण होते.

खासगी खिडकी वेगळे काय करते?

ॲपलने २००५ मध्ये सफारी या ब्राउझरमध्ये पहिल्यांदा 'प्रायव्हेट ब्राउझिंग' आणले. गुगलचा क्रोम २००८ मध्ये आला तोच 'इन्कॉग्निटो' घेऊन. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने 'इनप्रायव्हेट' या नावाने आणि फायरफॉक्सने 'प्रायव्हेट ब्राउझिंग' म्हणून हीच सोय दिली. नावे वेगळी, पण कल्पना एकच.

ही खिडकी रिकाम्या खिशाने बँकेत जाते. नेहमीच्या खिडकीतले बिल्ले ती बरोबर नेत नाही, म्हणून तिथे तुम्ही कुठल्याच खात्यात आधीपासून शिरलेले नसता. आत गेल्यावर मात्र ती बिल्ले घेते. न घेऊन चालणारच नाही, नाहीतर अर्ज भरता येणार नाही. पण ते एका वेगळ्या, तात्पुरत्या पिशवीत ठेवते. पाहिलेल्या पानांची यादी ठेवत नाही. आणि शेवटची खासगी खिडकी बंद झाली की पिशवी फेकून देते.

'शेवटची' या शब्दाकडे लक्ष द्या. क्रोममध्ये अशा चार खिडक्या उघडल्या तरी चौघींची पिशवी एकच असते. तीन बंद केल्या आणि एक खाली दडून राहिली, तर पिशवी जशीच्या तशी शाबूत. मोबाईलवर तर ही खिडकी आठवडाभर उघडीच राहिलेली मी पाहिली आहे. वापरणाऱ्याला वाटत असते की आपण केव्हाच बाहेर पडलो.

शाळेच्या संगणकावर दोन गोष्टी करून पाहा. एक, नेहमीच्या खिडकीत तुमच्या ई-मेलमध्ये जा आणि शेजारी खासगी खिडकी उघडून तोच पत्ता टाका. ती तुम्हाला पुन्हा पासवर्ड विचारेल. एकाच संगणकावर, एकाच वेळी, त्याच सर्व्हरसाठी तुम्ही दोन वेगळी माणसे झालात. मुलांना कुकी समजावून सांगायला याहून सोपा प्रयोग मला सापडलेला नाही. दोन, खासगी खिडकीतून एखादी पीडीएफ फाईल उतरवून घ्या आणि मग सर्व खासगी खिडक्या बंद करा. आता डाउनलोडचा कप्पा उघडा. फाईल तिथेच आहे. उतरवलेली फाईल आणि मुद्दाम साठवलेला बुकमार्क यांना ही खिडकी हात लावत नाही, कारण ते तुम्ही स्वतः ठेवायला सांगितलेले असते.

या दुसऱ्या प्रयोगाकडे आपल्याकडच्या दुकानांत फारसे कोणी पाहत नाही. लोक आधारची प्रत दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवतात किंवा तिथेच बसून उतरवून घेतात. छापील कागद हातात पडला की काम झाले. पण फाईल डाउनलोडच्या कप्प्यात पडून राहते, शेजारी आणखी दोनशे जणांच्या फाईली. तिला पासवर्ड असतो हे खरे, पण तो काय असतो? इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्माचे वर्ष. गावात एकमेकांची नावे आणि वये कोणाला ठाऊक नसतात? परक्या माणसाला तो पासवर्ड अडवेल, ओळखीच्याला नाही. म्हणून फाईल स्वतः पुसायची, रिसायकल बिनमधूनही काढायची आणि जिथे चालते तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारी आधारची प्रत द्यायची.

पाच वह्यांचा खेळ

"कुणालाच कळत नाही?" या मुलीच्या प्रश्नाकडे आता वळू. तो मी नववीच्या वर्गात एका खेळातून मांडला. लागते ते एवढेच: पाच वह्या, काही लिफाफे, थोडे सुटे कागद आणि पुठ्ठ्याचे गोल बिल्ले.

पाच मुलांना पुढे बोलावले. एक ब्राउझर झाली, दुसरा शाळेचा वायफाय राउटर. तिसरा नाव-नोंदवाला, म्हणजे संकेतस्थळाचे नाव सांगितले की त्याचा आकड्यांतला पत्ता सांगणारी यंत्रणा. चौथी इंटरनेट पुरवणारी कंपनी, पाचवे संकेतस्थळ. प्रत्येकाच्या हातात एकेक वही आणि सगळ्यांना एकच सूचना: तुमच्या हातातून जे जाईल, त्यातले तुम्हाला जे दिसेल ते लिहून ठेवा. प्रत्यक्षात प्रत्येक यंत्रणा सगळे लिहून ठेवतेच असे नाही. पण लिहायचे ठरवले तर काय लिहू शकते, हे आम्हाला पाहायचे होते.

पहिली फेरी साध्या खिडकीची. वर्गातल्या एका मुलाने ब्राउझरला सांगितले, मला अमुक संकेतस्थळावरून 'डोके का दुखते' हे हवे आहे. ब्राउझरने आधी नाव-नोंदवाल्याला पत्ता विचारला, त्याने सांगितला आणि वहीत टिपला. मग ब्राउझरने प्रश्न चिठ्ठीवर लिहून लिफाफ्यात घातला, लिफाफा चिकटवला, वर संकेतस्थळाचे नाव आणि शाळेचा पत्ता लिहिला. लिफाफा राउटरकडे, तिथून कंपनीकडे, तिथून संकेतस्थळाकडे गेला. संकेतस्थळाने तो फोडला, वहीत लिहिले 'बिल्ला ७, शाळेच्या पत्त्यावरून, डोके का दुखते', आणि उत्तराबरोबर सात नंबरचा बिल्ला पाठवला. ब्राउझरने बिल्ला खिशात ठेवला आणि वहीत नोंद केली. दुसरा प्रश्न गेला तेव्हा संकेतस्थळ झालेला मुलगा खुशीत ओरडला, "अरे, हा तर मघाचा डोकेदुखीवाला!"

दुसरी फेरी खासगी खिडकीची. नियमात बदल फक्त ब्राउझर झालेल्या मुलीसाठी. तिने वहीऐवजी सुट्या कागदावर लिहायचे, जुने बिल्ले वापरायचे नाहीत, आणि शेवटी कागद व नवे बिल्ले दोन्ही फाडून टोपलीत टाकायचे. बाकी चौघांना मी वेगळे काहीच सांगितले नाही. लिफाफे पूर्वीसारखेच फिरले. शेवटी तिने मोठ्या रुबाबात कागद फाडला.

मग पाचही वह्या टेबलावर ठेवून मोठ्याने वाचल्या. ब्राउझरच्या वहीत दुसऱ्या फेरीची एकही ओळ नव्हती. उरलेल्या चारही वह्यांत दोन्ही फेऱ्या होत्या, आणि नुसत्या वह्या पाहून कोणती फेरी खासगी होती हे राउटर आणि कंपनीला सांगताही येईना. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही त्यांना सांगितलंच नाही ना, की आता विसरायचंय म्हणून!"

नेमके हेच! खासगी खिडकी उघडणे हा तुम्ही तुमच्या ब्राउझरला दिलेला हुकूम असतो. रस्त्यातल्या राउटरला किंवा पलीकडच्या सर्व्हरला तो लागू नाही, बहुधा त्यांच्यापर्यंत पोचतही नाही. काही ब्राउझर 'माझा माग काढू नका' अशी विनंती लिफाफ्याबरोबर पाठवतात, पण ती मानायची की नाही हे पलीकडच्यावर.

खेळात आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आली. मधल्या तिघांच्या वह्यांत संकेतस्थळाचे नाव होते, 'डोके का दुखते' हा प्रश्न नव्हता, कारण लिफाफा बंद होता. पत्त्याच्या पट्टीत 'एचटीटीपीएस' असते तेव्हा नेमके हेच होते. पानाचा मजकूर आणि पूर्ण पत्ता सांकेतिक लिपीत जातो, संकेतस्थळाचे नाव मात्र वाटेत बहुधा दिसते. म्हणजे कारखान्यातल्या एखाद्या कामगाराने कंपनीच्या जाळ्यावरून दुसरी नोकरी शोधली, तर कोणती जाहिरात वाचली ते सहसा कळणार नाही, पण नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर किती वाजता गेला होता ते कळू शकते. संगणकच कंपनीचा असेल आणि त्यावर देखरेखीचा प्रोग्राम बसवलेला असेल, तर पडद्यावरचे सगळेच. खिडकी खासगी असो वा साधी, यात फरक पडत नाही. लिफाफा बंद करण्याचे श्रेयही खासगी खिडकीचे नव्हे, तो साध्या खिडकीतही बंदच असतो.

आणि ब्राउझरने फाडलेला कागद तरी पूर्ण नाहीसा होतो का? २०१० मध्ये गौरव अगरवाल, एली बुर्स्टाइन, कॉलिन जॅक्सन आणि डॅन बोने या संशोधकांनी तेव्हाच्या ब्राउझरांची तपासणी केली. खासगी म्हणजे काय याविषयी ब्राउझरांचेच एकमत नव्हते, आणि ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम मागे खुणा सोडू शकत होते. अशाच कारणाने क्रोममध्ये आज ही जोडकामे इन्कॉग्निटोत तुम्ही परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. संगणकाची कार्यप्रणालीही अलीकडे शोधलेल्या संकेतस्थळांची नावे काही काळ लक्षात ठेवू शकते. जाणकार माणसाने त्याच संगणकावर बारकाईने शोधले तर काहीतरी हाती लागू शकते. नेहमीच्या वापरात आपल्यानंतर खुर्चीवर बसणारा मात्र इतका शोध घेत नाही.

टोपी-चष्म्याचा घोटाळा

दुकानदाराचे चुकले, पण त्याला फार दोष देता येत नाही. 'इन्कॉग्निटो' म्हणजे ओळख लपवून वावरणारा. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते वेष पालटून, तसे काहीसे हे नाव ऐकून मनात येते. त्यात टोपी-चष्म्याचे चित्र. प्रत्यक्षात ही खिडकी तुमचा वेष पालटत नाही, फक्त स्वतः विसरते. मी वर्गात तिला 'विसरभोळी खिडकी' म्हणतो. हे नाव वापरले की निम्मे गैरसमज होतच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

हा गैरसमज आंबीपुरता नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत आणि जर्मनीत काम करणाऱ्या संशोधकांच्या एका गटाने ४६० जणांना निरनिराळ्या ब्राउझरांनी खासगी खिडकीत दाखवलेले खुलासे वाचायला दिले आणि मग प्रश्न विचारले. निम्म्याहून अधिक लोकांना वाटत होते की खासगी खिडकीत गुगलच्या खात्यात शिरून शोध घेतला तरी त्याची नोंद राहणार नाही. चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांना ही खिडकी व्हायरसपासून जास्त संरक्षण देते असे वाटत होते. दोन्ही समजुती चूक. आणि लक्षात घ्या, हे खुलासा वाचल्यानंतरचे!

पहिली समजूत आपल्या मुलांमध्येही सर्रास आढळते. खासगी खिडकीत जाऊन तुम्ही आपल्याच नावाने खाते उघडले, तर तुम्ही बँकेत जाऊन रोखपालाला नाव सांगितलेत. मग बिल्ला बाहेर येऊन फेकला काय आणि न फेकला काय? खात्यातल्या नोंदी खात्यात राहतात. घरी येऊन त्याच खात्याचा यूट्यूब उघडा, दुकानात पाहिलेला व्हिडिओ इतिहासात दिसेल, तुम्ही ती नोंद बंद ठेवली नसेल तर.

खाते न उघडताही काही संकेतस्थळे तुम्हाला पुन्हा ओळखू शकतात. पडद्याचा आकार, ब्राउझरची आवृत्ती, भाषा, वेळ, बसवलेले फॉन्ट अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की एखाद्या ब्राउझरचा जणू बोटाचा ठसाच तयार होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या पीटर एकर्सली यांनी २०१० मध्ये आपल्या चाचणीच्या पानावर आलेले चार लाख सत्तर हजार ब्राउझर तपासले. त्यांतल्या ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा दुसऱ्या कोणाशीही जुळला नाही. त्या पानावर येणारे लोक मुळात या विषयात रस असलेले, म्हणजे हा आकडा सर्वांना लावणे बरोबर नाही. त्यानंतर ब्राउझरांनी हे ठसे पुसट करायचे प्रयत्नही केले आहेत. पण बिल्ला फेकून दिला की ओळख पुसलीच, असे नाही.

हा गैरसमज कोर्टातही गेला. जून २०२० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात गुगलविरुद्ध दावा दाखल झाला. लोक इन्कॉग्निटोत असतानाही, ज्या संकेतस्थळांवर गुगलची जाहिरातीची किंवा भेटी मोजण्याची यंत्रणा बसवलेली असते त्यांच्यामार्फत गुगल माहिती गोळा करते, अशी तक्रार होती. २०२४ मध्ये तडजोड जाहीर झाली आणि कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचे कबूल केले. त्याच वर्षी क्रोमच्या इन्कॉग्निटो पानावरचा मजकूरही बदलला. तुम्ही भेट देता ती संकेतस्थळे आणि ती वापरत असलेल्या सेवा, गुगलसुद्धा, माहिती कशी गोळा करतात यात इथे बदल होत नाही, असे आता तिथे स्पष्ट लिहिलेले असते. ते पान उघडून वर्गात मोठ्याने वाचावे. आपण सगळे ते न वाचताच पुढे जातो.

मग ती वापरायची कोणी?

एवढे वाचून काही शिक्षक म्हणतील, मग हिचा उपयोग काय? आणि काही म्हणतील, मुलांना ही माहीतच नसलेली बरी. पहिल्यांना मी दुकानातल्या त्या मुलाची आठवण देईन. त्याचा प्रश्न गुगलपासून लपायचा नव्हताच, पुढच्या गिऱ्हाइकापासून वाचायचा होता. त्याने विसरभोळ्या खिडकीत काम केले असते आणि ती बंद केली असती, तर त्याच्या आईचे पासबुक परक्यांना दिसले नसते. ज्या कामासाठी ही खिडकी बनली, ते काम ती चोख करते. सामायिक संगणकावर व्हॉट्सॲप उघडणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, डिजिलॉकरमधून गुणपत्रिका काढणे, ही सगळी तिची हक्काची कामे.

तरी अडाणी विश्वास ठेवू नये. अशा दुकानात तुम्ही नोंदवहीत नाव लिहिता, ओळखपत्र दाखवता. सायबर कॅफेंसाठी केंद्र सरकारने २०११ मध्ये केलेल्या नियमांत ग्राहकाची ओळख नोंदवावी आणि पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान एक वर्ष ठेवावी असे म्हटले आहे. संगणकांमधले आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच नसावेत, असेही त्यात आहे. ते नियम करणाऱ्यांनी खासगी खिडकीचा नव्हे, लाकडी आडोशाचा विचार केला होता. पण दोन्ही आडोशांना मर्यादा आहे, एवढे खरे.

दुसऱ्या शिक्षकांचा मुद्दा अधिक अवघड आहे. देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांच्या गुगल खात्यात क्रोम इन्कॉग्निटोची सोय देत नाही, म्हणजे लहान मुलांसाठी हा मार्ग बंद करता येतो. पण आठवी-नववीच्या मुलीचा विचार करा. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांचा. तिला पाळीबद्दल काही विचारायचे आहे, आईला विचारायची भीड वाटते. तिने साध्या खिडकीत शोधले तर उद्या वडिलांनी पहिले अक्षर टाकताच तिचा प्रश्न त्यांच्यासमोर येईल. हे तिला माहीत असते, म्हणून ती विचारतच नाही. विसरभोळी खिडकी तिला त्या घरापुरती मोकळीक देते. या मोकळिकीत काही मुले नको ते पाहतील ही भीती खोटी नाही, मी ती झटकून टाकत नाही. पण ज्यांना पाहायचे आहे त्यांना ही खिडकी आपण सांगायच्या आधीच सापडलेली असते. सापडत नाही ती त्या मुलीला. आणि पाहणाऱ्या मुलांनाही, त्यांच्या लिफाफ्यावरचे नाव वाटेत दिसते हे वह्यांच्या खेळातून कळलेले बरे.

त्यानंतर पुन्हा आंबीला गेलो तेव्हा मुद्दाम त्या दुकानात डोकावलो. दुकानदाराने गिऱ्हाइकांच्या संगणकावर ब्राउझरचे चिन्ह असे बसवून घेतले होते की त्यावर टिचकी मारली की थेट काळी खिडकीच उघडते. वर चिठ्ठी चिकटवलेली: 'काम झाल्यावर सगळ्या खिडक्या बंद करा'. डाउनलोडच्या कप्प्याचे काय, असे मी विचारले. त्याने उघडून दाखवला. त्यात तीनशे चाळीस फाईली होत्या. आम्ही दोघे बसून त्या पुसायला लागलो.